डावीकडून अडीचशे, वरून दोनशेतीस

माझी धाकटी बहीण हॉस्पिटलात कामाला आहे म्हटलं की लोक विचारतात, नर्स आहे का? मी सांगतो, नाही, ती चौकोन आखते. मग काही जण हसतात. हसणाऱ्याला मी दुकानाची पायरी दाखवतो. आजवर अशी तीन गिऱ्हाइकं गेली. जाऊ देत. फ्रेमचं काम माझ्यासारखं करणारा दुसरा सापडला तर त्यांनी मला कळवावं, मीही बघून येईन.

मी आठवीपर्यंत शिकलो. त्यापुढं माझं आणि शाळेचं पटलं नाही. पण काच, पुठ्ठा आणि लाकडाची पट्टी या तीन गोष्टींत मला कुणी शिकवू नये. बावीस वर्षं मी फोटोला फ्रेमा करतोय. भिंतीवरची फ्रेम एका बाजूला सुतभर उतरली असेल तर मला रस्त्यावरून कळतं. वडील गेले तेव्हा धाकटी सहावीत होती. तिला कॉम्प्युटरच्या कोर्सपर्यंत मी शिकवलं. असं मी चारचौघांत सांगतो, आणि ती जवळ असली तर लगेच म्हणते, "दादा, तू फी भरलीस. शिकले मी."

अशी आहे ती. लहानपणापासून. किती वाजले विचारलं तर सात वाजून चौदा मिनिटं म्हणणार. बारातले अकरा आले असतील तर "सगळे आले" हे तिच्या तोंडून निघणार नाही, जीव गेला तरी. माझी बायको म्हणते, तुमच्या बहिणीनं या घरात थाप मारायची सोयच ठेवली नाही. भांडत मात्र नाही. आवाज चढवत नाही. त्या खात्याचा कारभार माझ्याकडे आहे.

हॉस्पिटल छातीच्या रोगांचं. तिथं तळघरात जुन्या रोग्यांची कार्डं आहेत, हजारोंनी. प्रत्येक कार्डावर वरच्या पट्टीत रोग्याचं नाव, पत्ता, वय. खाली डॉक्टरांनी हातानं काढलेलं फुप्फुसांचं चित्र आणि त्यांच्या बारीक अक्षरातल्या नोंदी. ती चित्रं शिकणाऱ्या पोरांना दाखवायला सोन्यासारखी, पण वरचं नाव कुणाला दिसता कामा नये. म्हणून कार्डाचा कॉम्प्युटरवर फोटो घ्यायचा आणि नावावर काळा चौकोन टाकायचा. हे काम धाकटीचं.

आता तुम्ही म्हणाल त्यात काय, माऊस धरायचा आणि चौकोन ओढायचा. अकरा हजार कार्डांवर ओढून दाखवा. धाकटी माऊसला हात लावत नाही. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहिते. चौकोन किती रुंद, किती उंच, डावीकडून किती आत आणि वरून किती खाली. चार आकडे, बस. नऊशे रुंद, एकशेवीस उंच, डावीकडून अडीचशे, वरून दोनशेतीस. एंटर दाबलं की कॉम्प्युटर एकेक कार्ड उघडतो, तेवढीच जागा काळी करतो आणि बंद करतो. मोजायचं ठिपक्यांत, आणि नेहमी वरच्या डाव्या कोपऱ्यापासून. तिनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी म्हणालो, अगं हे तर माझंच काम आहे. पुठ्ठ्यात फोटोपुरती खिडकी कापताना मी दुसरं काय करतो? एवढी रुंद, एवढी उंच, या कडेपासून इतकी, त्या कडेपासून इतकी. ती म्हणाली, हो दादा, फक्त तुझ्याकडे पुठ्ठा वाया जातो आणि माझ्याकडे माणसाचं नाव उघडं पडतं.

त्या कामात माझाही हात आहे, हे इथं सांगून ठेवतो कारण दुसरं कुणी सांगणार नाही. स्कॅनरच्या काचेवर कार्डं कशीही ठेवली जायची. एक इकडे, एक तिकडे. मग चार आकडे सगळ्यांना कसे लागू पडणार? मी जाड पुठ्ठ्याचा एक काटकोन कापून दिला, गुण्या लावून. तो काचेवर चिकटवला आणि कार्ड त्याच्या खाचेत बसवायचं. झालं, प्रत्येक कार्ड काचेवर त्याच जागी. पण जुनी कार्डं कडेनं झिजलेली, कुठं कोपरा उडालेला, कुठं बाजू कुरतडलेली. भोवतीची काळी कड कापून टाकली की एक कार्ड जरा मोठं उरायचं, एक जरा लहान. म्हणून धाकटीनं आणखी डोकं लढवलं. ती फोटो अशा जातीच्या फायलीत ठेवायची की कड कापली तरी फाईल लक्षात ठेवते, मी मूळ काचेवर कुठं होते ते. मग चौकोन कार्डाच्या कुरतडलेल्या कडेपासून मोजायचाच नाही, काचेच्या कोपऱ्यापासून मोजायचा. तो कोपरा कधी झिजत नाही. पहिली दोन हजार कार्डं तिनं अशी केली आणि एक नाव दिसलं नाही.

सहा वर्षं ती तिथं करारावर होती. दर वर्षी नवा कागद, नवी सही. या वर्षी कायम करायचं ठरलं होतं. कागद तयार होता, फक्त वरची सही राहिली होती. आईनं शेजारी सांगूनही टाकलं होतं.

आणि तिथंच इस्त्री आडवा आला.

इस्त्री म्हणजे तिचा साहेब, नोंदी विभागाचा मुख्य. हे नाव मी ठेवलं. त्या माणसाच्या शर्टावर दिवस मावळेपर्यंत एक सुरकुती पडत नाही, कारण तो काही करतच नाही. कॉम्प्युटरवर त्याला रंगीत खिडक्या आणि बटणं लागतात. धाकटीचा काळा पडदा बघितला की त्याच्या कपाळाला आठ्या. "हे असं अंधारात काय करता तुम्ही?" म्हणायचा, चार लोकांसमोर. कुणाला विचारणं हा त्याला कमीपणा. सहा वर्षांत त्यानं त्या चार आकड्यांचा अर्थ एकदाही विचारला नाही.

झालं असं. नऊ हजार कार्डांच्या फायली कडा कापून तयार पडल्या होत्या, चौकोन टाकायचा बाकी होता. डिस्क भरत आली होती. एका शुक्रवारी धाकटी रजेवर होती. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. त्या दिवशी इस्त्रीनं आपल्या मनानं त्या सगळ्या फायली हलक्या केल्या. म्हणजे दुसऱ्या जातीच्या केल्या, जी कमी जागा खाते, आणि आधीच्या पुसून टाकल्या. सोमवारी फोन करून तिला सांगितलं, बुधवारी व्याख्यान आहे, फायली हलक्या केल्यात, ओळीतल्या फायलीच्या नावाची शेवटची अक्षरं तेवढी बदल आणि तुझी ती ओळ चालव.

तिनं चालवली.

बुधवारी मोठ्या भिंतीवर तीनशे पोरांना कार्डं दाखवली. पहिली सहा आधीच्या दोन हजारांतली, ती ठीक निघाली. सातव्या कार्डावर काळा चौकोन बसला होता डॉक्टरांच्या अक्षरावर, अगदी सरळ, नीटनेटका. आणि त्याच्या वर नाव उघडं. एका बाईचं. वीस वर्षांपूर्वीचा रोग, कधीच बरा झालेला. ती बाई आता शाळेत शिक्षिका आहे आणि सासरी तिनं कधी काही सांगितलं नव्हतं. त्या तीनशेंत तिच्या नणंदेचा मुलगा बसला होता.

शिक्षिका दुसऱ्याच दिवशी हॉस्पिटलात आली. काय बोलली ते मी ऐकलेलं नाही, पण ती गेल्यावर इस्त्रीनं तासाभरात कागद टाईप केला. ऑपरेटरच्या निष्काळजीपणामुळे चुकीचे आकडे टाकले गेले. तो धाकटीपुढं ठेवला आणि म्हणाला, सही करा. ती म्हणाली, आकडे चुकीचे नाहीत. तो म्हणाला, चौकशी होईपर्यंत घरी बसा. म्हणजे ज्या फायलीत कायम झाल्याचा कागद लागायचा, तिथं निष्काळजी हा शब्द लागणार. एकदा तो लागला की या हॉस्पिटलात नाही आणि दुसऱ्या कुठंही नाही.

भर दुपारी ती घरी आली आणि धुतलेली भांडी पुन्हा घासायला लागली. माझ्या बायकोनं मला दुकानातून बोलावलं. काय झालं ते तिच्याकडून काढून घ्यायला मला अर्धा तास लागला. फाईल हलकी केली तर काय बिघडलं, चित्र तर तेच, हे मला काही केल्या कळेना. मग तिनं एका कागदावर काच काढली, काचेत कार्ड काढलं. म्हणाली, काचेच्या कोपऱ्यापासून कार्ड शंभर ठिपके आत आणि दीडशे खाली. नाव कार्डाच्या वरच्या कडेपासून ऐंशी खाली. दीडशे आणि ऐंशी किती? दोनशेतीस. म्हणून मी वरून दोनशेतीस लिहिते. हलक्या जातीची फाईल काच विसरते. तिला वाटतं कार्डाचा कोपरा हाच जगाचा कोपरा. मग ती तिथून दोनशेतीस मोजते आणि चौकोन दीडशे ठिपके खाली जाऊन पडतो. डावीकडूनही शंभरनं सरकतो.

हे मला कळलं. माझी तळपायाची आग मस्तकात गेली ती तेव्हा, आधी नाही. मी बावीस वर्षं काटकोनात काम केलेला माणूस आहे. कुणी माझ्या पुठ्ठ्याची कड मला न विचारता कापली आणि वर म्हणालं खिडकी वाकडी आहे, तर मी काय करीन? तेच मी केलं.

सकाळी साडेनऊला नोंदी विभागात गेलो. इस्त्री खुर्चीवर बसून पेन पुसत होता. मी म्हणालो, मी तिचा भाऊ. तो म्हणाला, भेटायची वेळ घेतली आहे का? मी त्याची कॉलर धरली. दोन्ही हातांनी. सहा वर्षांतली पहिली सुरकुती मी पाडली, आणि ती चांगली खोल पाडली. काय काय बोललो ते सगळं लिहिण्यासारखं नाही. चोर म्हणालो, पळपुटा म्हणालो, माझ्या बहिणीच्या पायाशी बसून चार आकडे शिक म्हणालो. दोन रखवालदारांनी मला बाहेर काढलं. मी स्वतःच्या पायानं निघालो होतो, हेही लिहून ठेवतो.

मला वाटलं होतं धाकटी खूश होईल. ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चौकशीची चिठ्ठी आली आणि त्यात दोन गोष्टी होत्या. एक, ऑपरेटरचा निष्काळजीपणा. दोन, ऑपरेटरच्या नातेवाइकानं अधिकाऱ्याच्या अंगावर हात टाकला. मलाही बोलावलं होतं, माफी मागायला.

"बघितलंस?" धाकटी म्हणाली. "आत्तापर्यंत त्याच्याकडे एकच कागद होता."

मी म्हणालो, मी माफी मागणार नाही. आई एका डोळ्यावर पट्टी बांधून बसली होती. ती म्हणाली, याला घरीच ठेवा. बायको म्हणाली, घरी ठेवून आपण कुठं जायचं? धाकटी एका वहीत तारखा आणि वेळा लिहीत होती.

चौकशी घेतली मोठ्या डॉक्टरीणबाईंनी. पन्नाशीच्या, केस आखूड, बोलणं तोडून टाकल्यासारखं. खोलीत भिंतीवर एक्स-रे लावायची उजेडाची पाटी होती, ती चालूच राहिली होती आणि तिच्यावर काही नव्हतं. टेबलावर कॉम्प्युटर. इस्त्री एका बाजूला, नवा शर्ट घालून. धाकटी समोर. मला दाराजवळ स्टूल दिलं, जसं वर्गात मस्तीखोर पोराला देतात.

इस्त्रीनं सुरुवात केली. बराच वेळ बोलला. पद्धत, शिस्त, जबाबदारी. तो काळा पडदा कुणालाच वाचता येत नाही, त्यात ही काय टाकते ते देवाला ठाऊक, साध्या बटणांच्या प्रोग्रॅमवर काम करा असं मी अनेकदा सुचवलं होतं. आणि फायली? फायली हिनंच हलक्या केल्या असतील, डिस्क भरली होती ना.

माझे हात शिवशिवले. धाकटीनं मागं न बघता एक बोट उचललं, लहानपणी मी आईला उलटून बोलायला लागलो की उचलायची तसं. मी बसून राहिलो.

तिनं वही उघडली. म्हणाली, पहिली फाईल शुक्रवारी दुपारी तीन वाजून बावीस मिनिटांनी बदलली, शेवटची सहा वाजून पाच मिनिटांनी. वेळ फायलीतच आहे, मी लिहिलेली नाही. शुक्रवारी मी रजेवर होते. आणि रजेचा अर्ज टेबलावर ठेवला. खाली इस्त्रीची सही, लांबलचक शेपटीची.

डॉक्टरीणबाईंनी अर्ज बघितला आणि इस्त्रीकडे बघितलं. तो जरा घसा खाकरून म्हणाला, ठीक आहे, हलक्या केल्या. जागा नव्हती. पण त्यानं काय बिघडतं? चित्र तेच राहिलं. "एक ठिपका तरी इकडचा तिकडे झाला का? सांग ना."

"नाही झाला," धाकटी म्हणाली. "कोपरा झाला."

मग तिनं दाखवलं. स्कॅनरच्या खोलीत कड न कापलेल्या पहिल्या फोटोंची एक वेगळी डिस्क होती, ती तिनं आणली होती. त्यातलं एक कार्ड घेतलं, कड कापली, तिच्या जातीच्या फायलीत ठेवलं. ओळ लिहिली. नऊशे, एकशेवीस, अडीचशे, दोनशेतीस. उघडलं. चौकोन नावावर, काठोकाठ. मग तेच कार्ड हलकं केलं. तीच ओळ लिहिली, एक आकडा न बदलता, आणि प्रत्येक आकडा मोठ्यानं वाचून दाखवला. उघडलं. चौकोन खाली घसरलेला, जरा उजवीकडे, आणि वर एका मेलेल्या माणसाचं नाव स्वच्छ वाचता येत होतं.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला, पुन्हा लावला आणि दोन्ही चित्रं शेजारी ठेवायला सांगितली. मी स्टुलावर असा बसलो होतो की जणू ते मी केलंय. आता झालं, मनात म्हणालो. आता या इस्त्रीला उचलून बाहेर ठेवा.

तेवढ्यात बाईंनी धाकटीला विचारलं, "या जातीची फाईल जागा विसरते, हे तुला आधी माहीत होतं?"

नाही म्हण. मी मनात ओरडत होतो, नाही म्हण. एवढा एकच शब्द.

"माहीत होतं," ती म्हणाली.

"मग?"

"सोमवारी साहेबांचा फोन आला. शेवटची अक्षरं बदल आणि चालव म्हणाले. मी बदलली आणि चालवलं. एक तरी उघडून बघायला हवी होती. नाही बघितली."

"पहिल्या दोन हजारांतल्या किती बघितल्या होत्यास?"

"तीनशे बारा."

"आणि या नऊ हजारांतल्या?"

"एकही नाही."

इस्त्रीच्या तोंडावर जो उजेड आला तो मला अजून आठवतो आणि अजून झोंबतो. तो खुर्चीत पुढं सरकला, कागद पुढं ढकलला, म्हणाला, मग झालं की, हेच तर मी लिहिलंय. मी उभा राहिलो. रखवालदारही उभा राहिला.

धाकटीनं तो कागद परत त्याच्याकडे ढकलला. "हे नाही लिहिलं तुम्ही," ती म्हणाली. "तुम्ही लिहिलंय, आकडे चुकीचे. आकडे बरोबर आहेत. तुम्ही लिहिलंय निष्काळजी. पहिल्या दोन हजारांना मी निष्काळजी नव्हते. फायली हलक्या झाल्यावर पुन्हा तपासलं नाही, असं लिहा. ते माझं आहे. त्याच्यावर मी सही करते. एक अक्षर जास्त असेल तर नाही करणार, कायम करा नाहीतर काढून टाका."

तिचा आवाज नेहमीएवढाच होता. पण पेन धरलेल्या हाताची बोटं पांढरी पडली होती, ते मला दारातून दिसलं.

डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या हातानं ते वाक्य लिहिलं आणि तिला वाचायला दिलं. तिनं वाचलं, सही केली. मग बाई इस्त्रीकडे वळल्या. "आता तुमचं वाक्य सांगा. मी लिहिते."

त्यानं टायची गाठ चाचपली. म्हणाला, जागेअभावी फायली हलक्या करण्यात आल्या.

"कुणी केल्या?"

विभागातर्फे करण्यात आल्या.

"विभागाला हात असतात का? कुणी केल्या? आणि मूळ फायली कुणी पुसल्या?"

हे असं पाच वेळा झालं. मी मोजलं. पाचव्या वेळी त्याच्या तोंडून ‘मी’ हा शब्द निघाला, तो असा की दाढ उपटून काढावी. मी केल्या, ऑपरेटरला न विचारता, आणि मूळ फायली पुसल्या. बाईंनी लिहिलं. त्यानं सही केली, या वेळी शेपटीशिवाय.

मग माझी पाळी. बाई म्हणाल्या, तुम्ही अधिकाऱ्याची कॉलर धरलीत, माफी मागा, नाहीतर ही फाईल बंद होत नाही आणि तिचा कायमचा कागदही पुढं जात नाही. मी छातीवर हात बांधून उभा. आयुष्यात मी एकदाच माफी मागितली आहे आणि ती वडिलांची. इस्त्री वाट बघत होता. ओठाचा एक कोपरा वर गेलेला. मी धाकटीकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, टेबलावर बघत होती. तिनं जर खूण केली असती, विनवलं असतं, तर मी कदाचित निघून गेलो असतो. तिनं काहीच केलं नाही.

"कॉलर धरली," मी म्हणालो, "ती धरायला नको होती. माफ करा. आणि चोर म्हणालो, ते मागं घेतो. बाकी जे बोललो त्यातला एक शब्द मागं घेत नाही, तेही लिहा."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढं पुरे. मला वाटतं त्या हसल्या, पण बायको म्हणते मला असं कुठंही वाटतं.

तर धाकटी कायम झाली. फायलीत ते वाक्य आहे, तिचं तिच्या मापाचं. इस्त्रीला त्याच्या वाक्यासकट त्याच खुर्चीवर ठेवलंय. लोकांना वाटतं सत्य बाहेर आलं की खुर्च्या बदलतात. दोघं एकाच खोलीत बसतात, समोरासमोर. तो तिला काम चिठ्ठीवर लिहून देतो, ती चिठ्ठीवरच उत्तर देते. मी त्याला रस्त्यात बघितलं तर बाजू बदलत नाही, मधूनच चालतो. त्यानं सरकावं.

पण एक गोष्ट झाली ती मला अजून पचलेली नाही. चौकशीच्या दुसऱ्या दिवशी धाकटी म्हणाली, त्या शिक्षिकाबाईंकडे जायचंय. मी म्हणालो, कशाला? चूक कुणाची ते कागदावर आलंय. ती म्हणाली, माझ्या वाक्याचा अर्धा भाग त्यांच्या घरात आहे. आणि निघाली. मी तिला एकटी कशी जाऊ देईन? मागोमाग गेलो. ती म्हणाली, ये, पण खाली थांब आणि तोंड उघडू नकोस.

दुसरा मजला, अरुंद जिना. मी खाली थांबलो नाही, अर्ध्या जिन्यात थांबलो. दार उघडलं. धाकटीनं सांगितलं, मी ती, जिनं चौकोन टाकला. तुमचं नाव झाकायचं माझं काम होतं. मी बघितलं नाही. बाकीची कार्डं मी आता एकेक डोळ्यांनी तपासणार आहे, सगळी संपेपर्यंत हॉस्पिटलाबाहेर एकही जाणार नाही.

ती बाई दार अर्धं धरून ऐकत होती. पायात चपला नाहीत, केस न विंचरलेले, मागं घरात कुणी नाही असं वाटत होतं. शेवटी म्हणाली, "तुझे आकडे बरोबर होते म्हणे. हॉस्पिटलातून फोन आला होता. बरोबर होते तर मी काय करू त्यांचं?" आणि दार लावलं. आपटलं नाही. लावलं, आतून कडी घातली, ती आम्हाला ऐकू आली.

माझी सवय, मी वर जायला निघालो. दारावर थाप मारून सांगणार होतो की बाई, माझी बहीण स्वतःहून आली आहे, तो दुसरा आला का? धाकटीनं माझी बाही धरली. पकड अशी की शिलाई उसवली.

"ती बरोबर बोलली," ती म्हणाली.

"काय बरोबर बोलली? तुझा अपमान केला."

"दादा, खाली उतर."

मी उतरलो. रस्त्यानं ती माझ्यापुढं दहा पावलं चालत होती आणि मी तिला गाठायचा प्रयत्न केला नाही. घरी न जाता ती सरळ हॉस्पिटलात गेली. त्या दिवशी तिनं साठ कार्डं तपासली, दुसऱ्या दिवशी नव्वद. आता चार हजारांच्या वर गेली आहे. रोज संध्याकाळी आई विचारते, किती झाली गं, आणि ती आकडा सांगते, एक कमी नाही की एक जास्त नाही.